हिरव्या त्रिकोणाची पुडी

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत ‘औषध’ हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. तापाच्या गोळीला आपण औषध म्हणतो, कपाशीवर पंपाने मारतात त्यालाही औषधच म्हणतो, आणि गावात एखाद्या कर्जबाजारी माणसाने जीव दिला तर ‘त्याने औषध घेतले’ असेही आपणच म्हणतो. जीव वाचवणारे आणि जीव घेणारे अशा दोन्ही वस्तूंना एकच नाव असले, म्हणजे त्या हाताळणाऱ्या माणसाच्या मनातही दोहोंमधली सीमारेषा पुसट होते. औषध म्हटले की ते थोडे जास्त घेतले तर गुण लवकर येईल, अशी एक भाबडी समजूत पाठोपाठ येतेच. प्रस्तुत लेखात अशाच एका ‘औषधाची’, म्हणजे मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची, मला जमेल तशी ओळख करून देण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्राच्या वाटेला का जावे, असा प्रश्न आमचे प्राध्यापक विचारतील. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खुलताबाद तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे आणि तिच्यातला मोठा तुकडा आल्याच्या लागवडीखाली असतो. मी शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. हंगाम सुरू झाला की वडिलांचा फोन येतो. ते औषधाच्या पुडीचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, “यावर काय लिव्हलंय ते नीट वाचून सांग बरं.” घरात वाचणारी मीच, तेव्हा बी. ए. असो की बी. एस्सी., पुडी मलाच वाचावी लागते. विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीला त्रास देऊन, ग्रंथालयातली पुस्तके चाळून आणि पुडीतली बारीक अक्षरांची घडीपत्रिका वाचून जे समजले, ते येथे मांडत आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. बुरशी ही हिरव्या वनस्पतीप्रमाणे स्वतःचे अन्न स्वतः तयार करू शकत नाही. ती दुसऱ्याच्या अंगावर जगते. तिचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. ते वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने, मातीने आणि बियाण्याबरोबर पसरतात. पानावर ओल मिळाली की बीजाणूला कोंब फुटतो, तो पानात शिरतो आणि पीक आतून खाऊ लागतो. आपल्या शेतकऱ्यांनी ही सूक्ष्मदर्शकाखालची गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहून तिला किती नेमकी नावे दिली आहेत! पानावर पिठासारखी राख पसरली की भुरी. गव्हावर तांबूस पूड उठली की तांबेरा. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरली की काणी. पान भाजल्यासारखे झाले की करपा. भुईमुगाच्या पानावर ठिपके आले की टिक्का. उभे झाड वाळले की मर. बाजरीच्या कणसातून दाण्यांऐवजी हिरव्या जटा बाहेर पडल्या की त्या रोगाला ‘गोसावी’ असेही नाव आहे. आमच्या आल्याचा वैरी म्हणजे कंदकुज. पावसाळ्यात पाणी साचले की पाने पिवळी पडतात, खोड हाताने ओढले की अलगद हातात येते आणि जमिनीतला कंद सडून त्याला घाण वास सुटतो. एका गादीवाफ्यावर ती दिसली की आठवडाभरात शेजारचा वाफा जातो. (केवडा आणि कंदकुज यांना कारण होणाऱ्या काही जीवांना शास्त्रज्ञ आता खऱ्या बुरशीत गणत नाहीत, परंतु शेतात आणि दुकानात त्यांना बुरशीच म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हटले आहे.)

बुरशी म्हणजे काही किरकोळ दुखणे नव्हे, याला इतिहास साक्ष आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत दुष्काळाने व रोगराईने सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली. १८६९ नंतर सिलोनमधील कॉफीचे मळे तांबेऱ्याने उजाड झाले आणि तेथे चहा आला. आपल्याकडे १९६५ साली एचबी-१ हा बाजरीचा पहिला संकरित वाण निघाला. या संकरित वाणांनी उत्पन्न वाढवले खरे, पण १९७१ च्या सुमारास केवड्याने या बाजरीवर असा घाला घातला की शेतकऱ्यांचे डोळे पांढरे झाले. म्हणून ‘औषधे मुळात वापरूच नयेत’ असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. ज्याचा वर्षाचा खर्च वाफ्यात गाडलेला आहे, त्याला ते परवडणारे नाही. हे लक्षात घेऊनच पुढचा विचार केला पाहिजे.

बुरशीनाशकांच्या इतिहासातील एक गोष्ट मनोरंजक आहे. गंधक तर माणसाला प्राचीन काळापासून माहीत होते. आजही ज्वारीची काणी टाळण्यासाठी पेरणीपूर्वी एक किलो बियाण्याला चार ग्रॅम बारीक गंधक चोळण्याची शिफारस आहे. पण आधुनिक बुरशीनाशकाची सुरुवात झाली ती चोरांच्या भीतीने! फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याच्या कडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरू हात मारू नयेत म्हणून मळेवाले मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडत. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवड्याने फ्रान्सचे द्राक्षमळे नासवले होते. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की, कडेच्या शिंपडलेल्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ‘बोर्डो मिश्रण’ जगापुढे मांडले. आपल्या द्राक्ष, मोसंबी व डाळिंबाच्या बागांत ते आजही वापरतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद व एक किलो चुना, हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचे नाही, कारण लोखंडावर तांबे चढते. त्याच गुणाचा उपयोग करून पारख करतात: तयार मिश्रणात घासलेला विळा बुडवायचा, त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालायचे. शाळेची पायरी न चढलेला माणूसही ही रासायनिक परीक्षा बिनचूक करतो, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. तांब्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे कार्बन आणि गंधक यांच्या संयोगातून बनलेली बुरशीनाशके. या कुळाला डायथायोकार्बामेट म्हणतात. या कुळातील संयुगांचा बुरशीनाशक म्हणून पहिला हक्क १९३४ साली अमेरिकेत नोंदला गेला. थायरम, झिरम, झायनेब, मॅनेब ही सगळी या कुळातली भावंडे. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यातून मॅन्कोझेब आले. ते बाजारात ज्या नावाने उतरले त्यातला आकडाच लोकांच्या तोंडी राहिला. आमच्याकडे कोणी मॅन्कोझेब म्हणत नाही, ‘एम पंचेचाळीस’ म्हणतात, आणि कंपनी कोणतीही असली तरी तसेच म्हणतात.

मॅन्कोझेबची घडण समजायला फार अवघड नाही. इथिलीन डायअमाइन आणि कार्बन डायसल्फाइड यांचा अल्काच्या साहाय्याने संयोग केला की नाबाम हा पाण्यात विरघळणारा सोडियमचा क्षार मिळतो. त्यातील सोडियमच्या जागी मॅंगनीज आणले की मॅनेब, जस्त आणले की झायनेब. मॅन्कोझेबमध्ये मॅंगनीज मुख्य आणि त्याच्या जोडीला थोडे जस्त असते. लांबच लांब साखळीसारखा हा रेणू असतो. दिसायला ती फिकट पिवळसर भुकटी असते. आपल्याला दुकानात मिळते त्या पुडीत शंभर भागांत पंचाहत्तर भाग मॅन्कोझेब आणि उरलेले भाग ती पाण्यात मिसळावी म्हणून घातलेले पदार्थ असतात. तापवली तर ती वितळण्यापूर्वीच विघटित होते.

तिचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ती मिठासारखी पाण्यात नाहीशी होत नाही, पिठासारखी तरंगत राहते. यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, पंपातले पाणी सतत ढवळावे लागते; नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि पहिल्या ओळीला पाणी व शेवटच्या ओळीला गाळ मिळतो. दोन, हे औषध पानात शिरत नाही, पानावर पातळ लेप होऊन राहते. म्हणून ते रोग येण्यापूर्वी मारावे लागते. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला ते हात लावू शकत नाही. तीन, मोठा पाऊस आला की लेप धुऊन जातो आणि फवारणी पुन्हा करावी लागते. ‘औषधाचा गुण आला नाही’ अशी तक्रार शेतकरी करतात, तेव्हा पुष्कळदा रोग आधी आलेला असतो आणि फवारणी नंतर झालेली असते.

हा लेप बुरशीला मारतो कसा? पानावर ओल आली की मॅन्कोझेबचे हळूहळू विघटन होते आणि त्यातून निघणारे पदार्थ बीजाणूच्या पेशीत शिरतात. पेशीचे सर्व कामकाज विकरे नावाच्या प्रथिनांवर चालते. त्यातील अनेक विकरांना गंधकाचे हात असतात. मॅन्कोझेबमधून निघालेले पदार्थ हे हात धरून ठेवतात. परिणामी श्वसनासारखी कामे एकाच वेळी अनेक ठिकाणी बंद पडतात. वाड्याला एकच दरवाजा असेल तर घरधनी त्याचे कुलूप बदलून चोराला अडवू शकतो; पण चोर एकदम दहा दारांनी आत आला तर तो काय करणार? कार्बेन्डाझिमच्या गटातील औषधे आणि १९७७ च्या सुमारास आलेले मेटॅलॅक्झिल ही एका दरवाजाची औषधे. मेटॅलॅक्झिल येऊन तीन-चार वर्षे होतात न होतात तोच, १९८० मध्ये, आयर्लंड व हॉलंडमधील बटाट्याच्या करप्याने त्याला दाद देणे सोडले. मॅन्कोझेबला मात्र साठ वर्षांत बुरशीने फारसा उतारा शोधलेला नाही. म्हणूनच नव्या महागड्या औषधांच्या पुडीतही ते जोडीला घातलेले आढळते. स्वस्त, अनेक पिकांवर चालणारे आणि न थकणारे, असा त्याचा लौकिक आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. मॅन्कोझेबच्या विघटनातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो. पुडी दमट जागी राहिली, उन्हात तापली, किंवा अंश राहिलेली भाजी शिजवली, तरी तो वाढतो. हा पदार्थ गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने थायरॉइडच्या गाठी आणि कर्करोग झाल्याचे दिसले आहे, आणि पोटातील गर्भात व्यंग आल्याचेही दिसले आहे. म्हणजे मूळ औषधापेक्षा त्याचे हे अपत्य अधिक खोडकर आहे. जुन्या, ओल लागून ढेकळे झालेल्या आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पुडीला हात लावू नये, याचे कारण हे. तो वास विघटनाचा असतो.

येथे पुडीवरच्या रंगीत त्रिकोणाचा विषय येतो, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक पुडीवर व बाटलीवर एक तिरका चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. हा विषारीपणा मोजतात तो असा: प्रयोगातील प्राण्यांपैकी निम्मे प्राणी मरायला त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात जावे लागते? आकडा जितका लहान, तितके विष जहाल. १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि ५००० च्या वर असेल तर हिरवा. मॅन्कोझेबचा आकडा ५००० च्या वर जातो, म्हणून त्याच्या पुडीवर हिरवा त्रिकोण असतो. या हिशेबाने पाहिले तर बोर्डो मिश्रणातील आपले ओळखीचे मोरचूद मॅन्कोझेबहून कितीतरी जहाल ठरते.

हिरवा रंग आपल्याकडे शुभ. सिग्नलला हिरवा म्हणजे जा. बांगडी हिरवी, शेत हिरवे. तेव्हा हिरवा त्रिकोण पाहून माणूस निर्धास्त होतो. ‘हे साधं औषध आहे, याला काही होत नाही,’ हे वाक्य मी गावातल्या एका दुकानदाराच्या तोंडून स्वतः ऐकले आहे. पण हा त्रिकोण फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एकदम पोटात गेले तर माणूस मरेल का? थोडे थोडे, वर्षानुवर्षे, कातडीतून आणि श्वासातून गेले तर काय होईल, या प्रश्नावर त्रिकोण गप्प आहे. पोटातल्या बाळाला काय होईल, यावरही तो गप्प आहे. रंग खोटे बोलत नाही, पण तो सगळे सांगत नाही.

या गप्प राहिलेल्या प्रश्नांवरच युरोपात निर्णय झाला. डिसेंबर २०२० मध्ये युरोपियन महासंघाने मॅन्कोझेबच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. ते प्रजननास घातक या वर्गात बसते आणि शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते, ही त्याची मुख्य कारणे होती. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब व कार्बेन्डाझिम होते. त्यावर हरकती आल्या, समित्या बसल्या, आणि २०२३ च्या आदेशात डायकोफॉल, डायनोकॅप व मेथोमिल यांवर संपूर्ण बंदी आली. यांपैकी डायनोकॅप हे भुरीवरचे बुरशीनाशक होते. मॅन्कोझेब मात्र भारतात चालू राहिले. बंदी घालावी की नाही, हा मोठा प्रश्न आहे. त्यावर शास्त्रज्ञ आणि सरकार बोलतील. तोपर्यंत जी बाई ते हाताळते आहे, तिच्या हाताचे काय, एवढाच प्रश्न मी विचारते.

‘बाई’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाठीवर पंप घेतलेला पुरुष उभा राहतो. पण आल्याच्या शेतात चित्र वेगळे असते. अक्षय तृतीयेच्या आसपास लागवड होते. त्याआधी बेणे, म्हणजे लावायचे कंद, मॅन्कोझेबच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवतात. प्रमाण लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे फवारणीहून जरा घट्टच. हे बुडवायचे आणि काढायचे काम आमच्याकडे बहुधा बायकांकडे येते. टिपात कोपरापर्यंत हात घालून बेणे ढवळायचे, बाहेर काढायचे, पसरायचे. दिवस संपेपर्यंत नखांत पिवळी भुकटी. फवारणीच्या वेळी पंपाला पाणी आणून द्यायचे कामही त्यांचेच, आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे धुवायचे तेही त्यांचेच. माझ्या आईच्या हातांना दर वर्षी खाज सुटते, कातडी निघते. ती त्याला ‘आल्याची आग’ म्हणते. आल्याचा रस झोंबतो हे खरे. पण मॅन्कोझेबमुळे कातडीला दाह व पुरळ होतो, हेही पुडीतल्या पत्रिकेत लिहिलेले आहे.

गेल्या वर्षी माझ्या वहिनीला दिवस गेले होते आणि लागवड तोंडावर आली होती. मी घरी फोन करून सांगितले की तिला टिपाजवळ जाऊ देऊ नका. आजी म्हणाली, “आमची सात बाळंतपणं वावरातच झाली. आम्हाला नाही काही झालं ते?” आजीला काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. तिच्या काळात टिपात हे पाणी नव्हते, एवढेच मी म्हणाले. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मोंढ्यातून रबरी हातमोजे मागवले, एक जोड स्वतःला आणि दोन जोड मजूर बायकांना, आणि वहिनीला घरी थांबवले. त्या दिवशीचा मजुरीचा खाडा वडिलांनी सोसला. भाची आता सहा महिन्यांची आहे. हातमोजे घातले नसते तर काही झालेच असते, असा माझा दावा नाही. पण टाळता येण्याजोगा धोका टाळणे यालाच शहाणपण म्हणतात.

वाचता न येण्याची किंमत किती मोठी असू शकते, याची दोन उदाहरणे बुरशीनाशकांच्याच इतिहासात आहेत. १९५५ ते १९५९ या काळात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात हेक्झाक्लोरोबेन्झीन हे बुरशीनाशक लावलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. तीन हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. ज्या मातांनी ती भाकरी खाल्ली, त्यांच्या दुधातून ते विष तान्ह्या बाळांच्या पोटात गेले आणि अंगावर गुलाबी चट्टे येऊन ती बाळे मोठ्या संख्येने दगावली. त्यानंतर १९७१-७२ मध्ये इराकमध्ये दुष्काळामुळे परदेशातून गव्हाचे बियाणे आणले, त्याला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते. बियाणे पोहोचले तेव्हा पेरणीची वेळ टळत आली होती आणि घरात धान्य नव्हते. पोत्यांवर धोक्याच्या सूचना होत्या, पण त्या स्पॅनिश आणि इंग्रजीत. बियाण्याला लावलेला लाल रंग धुतला की जात होता. लोकांना वाटले रंग गेला म्हणजे विष गेले. ६,५३० लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि ४५९ तेथेच मरण पावले. विष होते, सूचना होती, फक्त सूचना ज्याला हवी त्याच्या भाषेत नव्हती. बियाण्याच्या पिशवीतले गुलाबी दाणे धुऊन जात्यावर किंवा कोंबड्यांपुढे का टाकू नयेत, हे या दोन हकिकतींवरून कळावे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अगदी अलीकडचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो आजारी पडले. ती औषधे प्रामुख्याने कीटकनाशके होती, बुरशीनाशके नव्हेत. पण त्यातील धडा आपल्यालाही लागू आहे. दोन-तीन औषधे अंदाजाने एकत्र करणे, उंच वाढलेल्या कपाशीत नाकातोंडाला काही न बांधता फवारणे, या गोष्टी आमच्याही शिवारात घडतात. हिरव्या त्रिकोणाची भुकटी ज्या पंपात टाकतात, त्याच पंपात लाल त्रिकोणाचे झाकणभर औषध पडले की सगळा पंप लाल होतो.

शिवाय औषधांच्या कुळाप्रमाणे उपचारही बदलतो. फॉस्फरसच्या कुळातील कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा डॉक्टर देतात. मॅन्कोझेबवर असा विशिष्ट उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णाला तालुक्याला न्या की थेट घाटीत आणा, त्याच्याबरोबर ती पुडी किंवा बाटली नेलीच पाहिजे. ‘औषध घेतले’ एवढे सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. थायरम या मॅन्कोझेबच्या भावंडाची आणखी एक गंमत सांगते. रबराच्या कारखान्यात असलेच पदार्थ वापरतात. तेथील कामगारांना दारू सोसेनाशी होते, हे १९३७ मध्ये एका डॉक्टरच्या लक्षात आले. थायरमच्याच जवळच्या एका नातलगापासून पुढे दारू सोडवण्याची गोळी निघाली. तेव्हा थायरमने बियाणे चोळणाऱ्याने त्या संध्याकाळी तरी गुत्त्याची वाट धरू नये.

आता व्यवहारातील काळजी थोडक्यात सांगते. पिकाचे नाव पुडीवरील पत्रिकेत असेल तरच ते औषध त्या पिकाला वापरावे. फवारणीसाठी सर्वसाधारणपणे एका लिटरला दोन ते अडीच ग्रॅम पुरते. मूठ हे माप नव्हे. भुकटी कालवताना वाऱ्याकडे पाठ असावी, कारण पुडी फोडताना उडणारी धूळ नाकात जाते. काठीने ढवळावे, हाताने नव्हे. बोर्डो मिश्रणात किंवा चुन्याच्या पाण्यात मॅन्कोझेब मिसळू नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा असावा. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. मध्येच विडी, तंबाखू, भाकर नको. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी. कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. पंप विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नये. मॅन्कोझेब माशांना अत्यंत घातक आहे. रिकामी पुडी पाण्यापासून दूर पुरावी, तिच्यात मीठमिरची बांधू नये. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हेही पत्रिकेत असते, आणि ते खाणाऱ्यासाठी असते. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीची कडक व्यवस्था सुरू झाली. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. परदेशी जाणाऱ्या घडाला प्रयोगशाळेचा दाखला लागतो. आठवडी बाजारात आपण घेतो त्या टोमॅटोला तसा दाखला लागत नाही. मॅन्कोझेब वरचा लेप असल्याने फळ-भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुतली तर त्याचा बराच भाग निघून जातो. हा लहानसा उपाय उस्मानपुऱ्यातील खोलीवर राहणाऱ्या आम्हा मुलींनाही करता येतो.

शेवटी एक सूचना मांडते. पुडीतली पत्रिका मराठीतही असते, पण तिची अक्षरे मुंगीसारखी आणि भाषा सरकारी. ‘प्रतीक्षा काळ’, ‘अंतर्ग्रहण’, ‘प्रतिविष’ हे शब्द मला शब्दकोशात पाहावे लागले. माझ्या वडिलांनी काय करावे? आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी एखाद्या खेड्यात जाते. आपण रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, पथनाट्य करतो. त्याच जोडीला एक संध्याकाळ गावकऱ्यांच्या घरातल्या पुड्या आणि बाटल्या पुढ्यात मांडून त्या मोठ्याने वाचून दाखवल्या तर? त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही, वाचता येणारा माणूस लागतो. मराठीचे विद्यार्थी ती अवघड भाषा सोपी करू शकतील, भूगोलाचे विद्यार्थी पिकांची यादी करू शकतील, आणि विज्ञान शाखेचे मित्र चुकले तिथे दुरुस्त करतील. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण शेतकऱ्यांच्या घरातले आहेत. आपल्या आईवडिलांनी स्वतः न शिकता आपल्याला वाचायला पाठवले. आपण वाचलेले त्यांच्यापर्यंत परत गेले पाहिजे.

औषध हा शब्द बदलता येणार नाही. बोली कोणाच्या सांगण्याने बदलत नसते. पण तो शब्द उच्चारताना आपण मनात ‘जपून’ हा दुसरा शब्द जोडू शकतो. सुज्ञ वाचकांनी एवढे केले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन.